‘बाईचीच मानसिकता नाही’ म्हणजे काय?

(कर्जत येथे एकल महिलांच्या गटांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोड्या संपादनासह.)



सकाळच्या गटचर्चेत एकच वाक्य वेगवेगळ्या गटांतून निदान सहा-सात वेळा आलं. मी वहीत लिहूनच ठेवलं. “ताई, ठराव करून काय उपयोग? बाईचीच मानसिकता नाही.” मिरजगावच्या गटाने म्हटलं, राशीनच्या गटाने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला दिलेला विषय आहे ‘व्यक्तीचं मन आणि समाज’. कागदावर तो कोरडा दिसतो. पण तुमच्या या एका वाक्यात तो पुरेपूर आहे, म्हणून सगळं भाषण मी त्या वाक्यावरच करणार आहे. मध्ये थोडं पुस्तकातलं येईल. चहा नुकताच झालाय, तेव्हा डुलकी लागायला अजून अवकाश आहे असं धरून चालते.

आधी ठरावाचं सांगते, नवीन मैत्रिणींसाठी. कोरोनाच्या दोन लाटांत आपल्या जिल्ह्यात किती घरांतली कर्ती माणसं गेली, ते आपण पाहिलं. अकोले तालुक्यातले हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचं काम उभं केलं. वारसनोंदी, पेन्शन, मुलांची शाळा हे प्रश्न त्यामुळे तालुक्या-तालुक्यात बोलले जाऊ लागले. आपल्या शेजारच्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी एका अंत्यविधीत सहकाऱ्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडताना पाहिलं आणि विधवा प्रथेविरुद्ध मोहीमच सुरू केली. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असं त्यांनी लेखी जाहीर केलं. त्या धाग्यावरून ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढलं, की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा. तो कायदा नव्हे, आवाहन आहे. पण त्याच्या आधाराने पुष्कळ गावांनी ठराव केले.

आणि मग आपल्याला अनुभव आला, तो तुम्ही सकाळी सांगितलात. ठराव झाला, फोटो निघाले. आपण हळदीकुंकवाला एकल बायांना बोलावलं, तर त्या ओसरीच्या कडेला बसल्या. कुंकवाचा करंडा पुढे केला तर कपाळ मागे घेतलं. “नको गं पोरी, मला नाही सोसायचं ते.” झालं, आपण म्हणालो, मानसिकता नाही.

हा ‘मानसिकता’ शब्द आपण कुणासाठी वापरतो, ते कधी तपासून पाहा. बाई अडून बसली की ती तिची मानसिकता असते. सरपंच अडून बसला की ते ‘गावातलं वातावरण’ असतं. भावकी वारसनोंदीला आडवी आली की ती ‘परिस्थिती’. म्हणजे दुबळ्याच्या वागण्याला आपण मानसशास्त्र लावतो आणि बलवानाच्या वागण्याला समाजशास्त्र. हे आपण मुद्दाम करत नाही. पण याचा परिणाम कामावर होतो, कारण मानसिकता म्हटलं की उपाय ठरलेला असतो: तिचं समुपदेशन करा, तिला समजावा, तिची भीती घालवा. सगळं तिच्याच डोक्यात करायचं. भावकीच्या डोक्यात काही करायचं नाही.

आता पुस्तकाकडे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये दोन विद्वानांत याच प्रश्नावर भांडण लागलं होतं. एक एमिल डरखाईम आणि दुसरा गॅब्रिएल टार्ड. डरखाईमचं म्हणणं असं की समाज ही माणसांची नुसती बेरीज नाही. रीत, भाषा, धर्म, कायदा या गोष्टी तुमच्या जन्माआधी असतात, तुम्ही गेल्यावरही राहतात. त्या तुमच्या बाहेर असतात आणि तुमच्यावर जोर करतात. जोर आहे की नाही हे रोज जाणवत नाही. पाण्यासोबत वाहताना पाण्याचा जोर कुठे कळतो? उलट्या दिशेने हात मारला की कळतो. नवरा गेलेल्या बाईने तेराव्या दिवशी हिरवी साडी नेसून बाजारात जाऊन पाहावं. तो जोर तिला वेशीपर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही.

टार्ड म्हणायचा, हा समाज नावाचा राक्षस तुम्ही कुठून काढलात? मला तर माणसंच दिसतात. ही तिचं पाहून करते, ती आणखी कुणाचं पाहून करते. अनुकरणाने विश्वास पसरतात, इच्छा पसरतात, त्या पसरण्यालाच आपण समाज म्हणतो. त्याचं अनुकरणाच्या नियमांवरचं पुस्तक १८९० चं. डरखाईमचं समाजशास्त्राच्या पद्धतीवरचं पुस्तक १८९५ चं आणि आत्महत्येवरचं १८९७ चं. १९०३ मध्ये दोघे पॅरिसमध्ये समोरासमोरही आले. पुढच्याच वर्षी टार्ड वारला आणि विद्यापीठांतून बराच काळ डरखाईमचीच बाजू शिकवली गेली. एम.एस.डब्ल्यू.ला मीही तीच शिकले. टार्डचं नाव तासाला एकदा येऊन गेलं असेल.

डरखाईमने एक फार मोठी गोष्ट केली, ती आपण विसरू नये. आत्महत्येइतकं एकट्याचं, खासगी कृत्य दुसरं नाही असं वाटतं ना? त्याने दाखवलं, की आत्महत्यांचं प्रमाण देशादेशांत, धर्माधर्मांत वर्षानुवर्षं विशिष्ट पातळीवर राहतं. म्हणजे एकट्याच्या निराशेला समाजाचा आकार असतो. आपल्याकडे विहिरीत उडी घेतलेल्या सुनेच्या कागदावर ‘घरगुती कारण’ असं लिहून फाइल बंद होते, तेव्हा या माणसाची आठवण ठेवायला हवी. एकीचं घरगुती कारण असू शकतं. गावोगाव, वर्षानुवर्षं तेच कारण असेल तर ते घरगुती कसं?

पण बाईपाशी आल्यावर डरखाईमची गाडी अडते. फ्रान्सचेच आकडे त्याला सांगत होते की लग्नाचं संरक्षण पुरुषाला जास्त मिळतं, बाईला कमी. मूल नसलेल्या विवाहित बाईची स्थिती तर लग्न न झालेल्या बाईपेक्षाही वाईट. आकडे इतकं स्पष्ट बोलत असताना त्याने कारण काय दिलं? बाईचं मानसिक जीवन कमी विकसित असतं! पुरुषासाठी समाजशास्त्र, बाईसाठी स्वभावशास्त्र. सकाळी आपण केलं तेच. आणि अतोनात बंधनांनी गुदमरून होणारी आत्महत्या, जिच्यात त्याने मूल नसलेल्या विवाहितेचं उदाहरण घेतलं, ती कुठे नोंदवली? एका तळटीपेत. आजच्या काळात तिचं महत्त्व फार नाही, असंही वर म्हणून ठेवलं. आपल्यापैकी जी पहिल्यांदा ती तळटीप वाचेल, तिला मी चहा पाजीन. आपल्या तालुक्यातल्या किती बायांचं आयुष्य त्या चार ओळींत आहे!

त्याच माणसाच्या १९१२ च्या पुस्तकात शोकाबद्दल फार उपयोगी विवेचन आहे. तो म्हणतो, शोक ही दुखावलेल्या मनाची आपोआप उमटलेली हाक नसते. गटाने लावून दिलेलं ते कर्तव्य असतं. रडावंच लागतं, अंगाला इजा करून घ्यावीच लागते, नाही केलं तर गट शिक्षा करतो. आणि हे ओझं बहुतेक वेळा बाईवर टाकलं जातं, कारण गटात तिचं मोल कमी धरलेलं असतं. पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, फ्रॉइडने शोकावर निबंध लिहिला. तो अगदी उलट टोकाचा. त्याच्या मते शोक हे एकट्या मनाचं काम आहे. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेका आठवणीपासून हळूहळू सोडवून घ्यायचं, त्याला वेळ लागतो, वेदना होतात आणि ते काम दुसरं कुणी करू शकत नाही.

आता हे दोन्ही घेऊन आपल्या एखाद्या वस्तीवर चला. नवरा सकाळी गेलाय. ॲक्सिडेंट असेल, हृदयविकार असेल, औषध घेतलं असेल. ती अजून सुन्न आहे, तो गेला हे तिला पटलेलंही नाही. तेवढ्यात तिला अंगणात आणून बसवतात. दोघी-तिघी पुढे होतात. दगडावर हात आपटून बांगड्या फोडतात, मनगटातून रक्त येतं. कपाळ पुसतात, गळ्यातलं ओढतात. फ्रॉइड म्हणतो ते मनाचं काम सुरू व्हायला तिला एक तासही मिळत नाही. डरखाईम म्हणतो ते गटाचं काम मात्र त्या तासाभरात उरकलेलं असतं. बायको होती, तिची ‘विधवा’ झाली, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या साक्षीने. पुढे दोन वर्षांनी ती आपल्या बैठकीत अचानक रडायला लागते आणि आपण म्हणतो, अजून सावरली नाही. सावरणार कशी? तिला दुःख करूच कुठे दिलं? तिच्याकडून दुःख करवून घेतलं.

म्हणून समुपदेशन नको असं माझं म्हणणं नाही. उलट, गेलेल्या माणसाबद्दल तिला बोलू द्यायचं, चांगलं-वाईट सगळं, हे काम आपण फार कमी करतो. आपण लगेच कागदांवर येतो. मृत्यूचा दाखला काढला का, सातबाऱ्यावर नाव लागलं का, संजय गांधी निराधारचा अर्ज भरला का. ते सगळं हवंच. पण ज्या नवऱ्याने वीस वर्षं मारलं त्याच्यासाठीही तिला रडू येतं आणि त्या रडण्याची तिला लाज वाटते, हे ती कुठे सांगणार?

आता ज्या लेखासाठी एवढी प्रस्तावना केली, त्याच्याकडे येते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. १९१७ मध्ये तो छापून आला. आपल्या चळवळीत त्याचं नाव घेतात, पण पूर्ण वाचलेल्या थोड्याच भेटतात. त्यात बाबासाहेब म्हणतात, जातीचा प्राण म्हणजे जातीतच लग्न करणं. आता जातीत बायका आणि पुरुष साधारण सारखे असतील तरच हे जमेल. नवरा मेला की एक बाई जादा होते. तिने जातीबाहेर लग्न केलं तर भिंत फुटते, जातीत केलं तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा कमी होतो. मग तिचं करायचं काय? जाळा, नाही तर सक्तीचं वैधव्य लादा. बायको मेलेला पुरुषही जादा होतोच. पण तो पुरुष, त्याला जाळता येत नाही आणि संन्यासीही करवत नाही. मग त्याच्यासाठी लहान मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तीन प्रथा अशा एका कुलपाच्या तीन किल्ल्या आहेत. नंतर त्यांना पातिव्रत्याचा मुलामा दिला गेला.

आता गंमत बघा. इथपर्यंतचं विवेचन रचनेचं आहे, मनाचं नाही. कुणा बाईला काय वाटतं याचा त्यात संबंध नाही. पण पुढचा प्रश्न येतो: ही रीत सगळीकडे पसरली कशी? बाबासाहेब साफ सांगतात, एकट्या मनूने सांगितली म्हणून नाही. एवढी मोठी गोष्ट एका माणसाच्या हुकमाने लादता येत नाही, मनूच्या आधीही जात होतीच. मग? तिथे ते टार्डला बोलावतात, विद्यापीठांनी बाजूला ठेवलेल्या त्याच टार्डला. वरच्याचं खालचा अनुकरण करतो, आणि जो जितका जवळ तितकं जास्त. ज्या जाती ब्राह्मणांच्या सर्वांत जवळ त्यांनी तिन्ही प्रथा उचलल्या, त्याहून दूरच्यांनी काही, सर्वांत दूरच्यांनी एकही नाही, फक्त जातीत लग्न तेवढं ठेवलं.

डरखाईम की टार्ड, या वादाचं उत्तर मला पॅरिसमध्ये सापडलं नाही, या निबंधात सापडलं. रीत उभी राहते ती रचनेच्या गरजेतून. पण ती चालते माणसांच्या मनातून, त्यांच्या मानाच्या भुकेतून. दोन्ही पाहिल्याशिवाय तिला हात घालता येत नाही.

आपल्याच भागात बघा ना. शेतकरी, कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागायचा, मोहतूर लागायचा. कुठल्याही सत्तरीच्या आजीला विचारा, ती नात्यातली दोन-तीन उदाहरणं सांगेल. आणि मग हळूच म्हणेल, “पण आमच्या घरात नाही बाई, आमचं घराणं मोठं.” ज्या घराला चार एकर बागायत आली, पोरगा नोकरीला लागला, त्याने पहिलं काम काय केलं? पाट बंद केला. वैधव्य पाळणं ही त्या घराची श्रीमंती झाली. हे मागासलेपण म्हणता येणार नाही. ही त्यांच्या मते प्रगती होती! म्हणून ‘बाया मागासलेल्या आहेत, त्यांना पुढे आणू’ या भाषेने आपण तिथे फसतो. ती बाई मागे राहिलेली नाही. ती फार कष्टाने ‘वर’ चढलेली आहे आणि आपण तिला खाली उतरायला सांगतोय असं तिला वाटतं.

त्यात तिचा हिशोबही असतो. उसाच्या तोडीला जाणाऱ्या बायांना माहीत आहे, मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला भाऊ शोधावा लागतो, नाही तर शाळेतला पोरगा न्यावा लागतो. शेत असेल तर दीर कसतो आणि कायद्याने वारस असूनही वाटा मागायची चोरी, कारण उद्या पोरीच्या लग्नात उभं कोण राहणार? अशा बाईजवळ भांडवल एकच असतं, ‘बाई चांगल्या चालीची आहे’ हे चार लोकांचं बोलणं. त्या बोलण्यावर तिला उसनं धान्य मिळतं, रात्री शेताला पाणी द्यायला कुणी सोबत येतं. कपाळावरच्या टिकलीने ते भांडवल बुडणार असेल तर ती टिकली का लावेल? तिने कपाळ मागे घेतलं ते भित्रेपणाने नाही, विचार करून.

यावर आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, मग हा कुंकवाचा आग्रह कशाला? कुंकू ही नवऱ्याची खूण, ती विधवेला परत देण्यापेक्षा सगळ्यांनीच पुसू. मला हा मुद्दा तत्त्व म्हणून पटतो. पण सोसणाऱ्या बाईला आणि सोडून देणाऱ्या बाईला एकाच तागडीत घालू नये. जिने स्वतःहून ठेवलं नाही आणि जिच्या कपाळावरून ओरबाडलं, त्या दोघींचं रिकामं कपाळ सारखं दिसतं, पण सारखं नसतं. आपला आग्रह कुंकवाचा नसावा. ठरवणं तिचं असावं, एवढाच असावा. आणि हे म्हणताना मला हेही दिसतं, की ‘तिचं ठरवणं’ अशी काही स्वच्छ, वेगळी काढलेली वस्तू नसते. त्यात सासू असते, देव असतो, वाढलेली मुलगी असते.

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव मिळालंय. त्यांचं चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवलं आणि पुढे त्यांनी जवळपास तीस वर्षं राज्य चालवलं. हे आपण सगळ्या जयंतीला ऐकतो. जे भाषणांत येत नाही ते असं, की १७९१ मध्ये त्यांचे जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने विनवण्या केल्याचं सांगितलं जातं. राज्य हातात, फौज हातात, आणि पोटच्या मुलीला थांबवता आलं नाही. मुक्ताबाईची ‘मानसिकता’ होती म्हणायचं का? की ज्या जगात तिचा मान ठरत होता, त्या जगापुढे राणीचंही चाललं नाही? मला तिचा विचार नेहमी येतो.

उलटं उदाहरणही आपल्याकडेच आहे. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. त्यांनी त्या विधवेच्या मनाला उपदेश केला नाही, तिला जागा दिली, दार दिलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी सुरतच्या विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली आणि बाईच्या वागण्याचा जाब पुरुषांना विचारला. आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. विधवेला कुणी सांगितलं नाही की तू धीट हो. वस्तरा धरणारा हात मागे घेतला. रीत कितीही बाहेरची, कितीही जुनी असो, तिला प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात लागतोच.

आपल्याकडे तो हात कुणाचा? अंगणात दगडावर बांगड्या फोडायला कोण पुढे होतं, ते आठवा. बहुतेक वेळा आधी विधवा झालेल्या बायाच. सवाष्णीने ते करायचं नसतं म्हणून हे काम त्यांच्या वाट्याला येतं. त्या क्रूर नसतात. कितीतरी जणी ते करताना स्वतःचाच दिवस आठवून रडत असतात. म्हणजे आपल्या गटात दर महिन्याला बसणाऱ्या ज्या बाया आहेत, त्याच या. वस्तरा त्यांच्या हातात आहे.

एका बाईला ‘तू कुंकू लाव’ म्हणणं म्हणजे तिला एकटीला गावासमोर उभं करणं. पण ‘कुणाच्या दारात मयत झालं तर मी बांगड्या फोडायला जाणार नाही’ हे दहा जणींनी मिळून ठरवणं वेगळं. यात कुणाचं भांडवल बुडत नाही, चालीवर कुणी बोट ठेवत नाही. फार तर म्हणतील, आल्या नाहीत. आणि टार्डचं अनुकरण इथे आपल्या बाजूने चालेल, कारण पाहून शिकणाऱ्या बाया दूरच्या नाहीत, शेजारच्याच वस्तीवरच्या आहेत. एका गटाने असं एका घरी केलं तेव्हा काय झालं, ते कुळधरणच्या मैत्रिणी दुपारी सांगणार आहेत. सगळं सुरळीत झालेलं नाही, तेही त्यांनी सांगावं.

जेवणाआधी अर्धा तास आहे. प्रत्येक गटाने एक कागद घ्यायचा. आपल्या गावात मयताच्या दिवसापासून तेराव्यापर्यंत बाईच्या अंगावरचं काय काय काढतात ते डाव्या बाजूला लिहा. उजव्या बाजूला, ते प्रत्यक्ष कोण काढतं ते लिहा. नावं नकोत, नातं लिहा: नणंद, चुलत सासू, शेजारीण. ‘रीत आहे’ किंवा ‘समाज काढतो’ असं कुणी लिहायचं नाही.